चारशे बारा दुवे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज संचालकांनी बोलावून घेतलं. विकसनशील देशांतल्या आरोग्य-संशोधकांना इंटरनेटवर जे जे उपयोगी पडेल ते सगळं एका जागी आणणारं संकेतस्थळ आपली संस्था काढणार आहे आणि त्याचा प्रमुख मी, असं सांगितलं. एका महिन्यात उद्घाटन. मी जरा विचारात पडल्यासारखं केलं, कारण लगेच हो म्हटलं की माणूस रिकामा बसलाय असा समज होतो. मग हो म्हटलं.

घरी येऊन ही वही काढली. मोठ्या कामांचा इतिहास पुढे कोणीतरी लिहितोच आणि हमखास चुकीचा लिहितो. त्यापेक्षा आपला आपण लिहून ठेवलेला बरा. बायको म्हणाली, व्यायामाची वहीसुद्धा अशीच काढली होती. तीच ही वही. पहिली चार पानं फाडली.

नाव मीच सुचवलं, ‘आरोग्यज्ञान महाद्वार’. संचालकांना आवडलं. ग्रंथपालबाईंना कोणी विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, दार केवढं आहे यापेक्षा ते उघडतं का, हे लोक बघतात. बाई सत्तावीस वर्षं आमच्या वाचनालयात आहेत. इतकी धूळ खाल्ल्यावर माणसाचा स्वभाव असाच होणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रंगाची बैठक. पावणेतीन तास. निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे आरोग्य, असे दोन तट पडले. संचालकांनी दोन्ही घ्यायला सांगितले. वर दोन तळहात आणि त्यांत पृथ्वी असं चित्र ठरलं. कोणीतरी शंका काढली की तळहात फारच गोरे दिसतात. म्हणून ते राखाडी केले. आता ते मेलेल्या माणसाचे वाटतात, पण तोवर चहा संपला होता. मंजूर झालं.

बैठकीनंतर ग्रंथपालबाई एक कागद घेऊन आल्या. त्यावर तेवीस संकेतस्थळं. प्रत्येक त्यांनी घरच्या रडतखडत चालणाऱ्या संगणकावर उघडून पाहिलं होतं, आणि जी नावनोंदणी न करता, पासवर्ड न मागता उघडली तेवढीच ठेवली होती. प्रत्येकासमोर सुवाच्य अक्षरात काय मिळेल ते: लहान मुलांसाठी औषधांचे डोस, वाढीचे तक्ते, पूर्ण लेख फुकट. शेवटी एक नमुनापत्रही होतं, लेख मिळत नसेल तर थेट लेखकाला कसं लिहावं याचं.

मी सौम्यपणे म्हटलं की तेवीस म्हणजे एखाद्या खेड्यातल्या वर्गाची हजेरी वाटते. शेजारच्या संस्थेच्या यादीत तीनशे आहेत. आपल्याला चारशे तरी हवेत. बाईंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. दिलेला कागद असा परत नेणं मला काही बरं वाटलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुवे ३१६ झाले. दुवा म्हणजे ज्यावर टिचकी मारली की दुसरीकडचं पान उघडतं तो. काम सोपं नाही. मी इतरांच्या याद्यांवरून घेतो. त्यांनी त्या आणखी कोणाच्या याद्यांवरून घेतलेल्या असतात, त्यामुळे तिसऱ्या यादीत पहिलेच पाहुणे पुन्हा भेटतात. त्यांना मी वेगळ्या विभागात बसवतो. प्रत्येक दुवा उघडून बघायला लागलो तर म्हातारपण इथेच येईल.

दुपारी भाचीचा फोन. ताईची धाकटी. सहा महिन्यांपूर्वी शहराबाहेर, कारखान्यांच्या मागच्या अंगाला एका लहान आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून लागली. एकटी डॉक्टर, दोन परिचारिका. तिच्याकडे एकाच गल्लीतली चार मुलं आली आहेत. पोटात दुखतं, शौचाला होत नाही, चेहरे पांढरेफटक, रक्तवाढीच्या गोळ्या देऊन ढिम्म फरक नाही. एका मुलीला आकडी आली. मेंदूज्वर वाटत नाही म्हणाली. मामा, तुला काय वाटतं?

मी तिला सांगितलं की असं तोंडी विचारणं ही जुनी पद्धत झाली. महिन्याभरात महाद्वार उघडतंय, त्यात सगळं आहे. ती म्हणाली, महिनाभर मुलं थांबतील का? तिची जीभ ताईवर गेली आहे. शेवटी आमचं चाचणीपुरतं चाललेलं संकेतस्थळ तिला उघडून दिलं. पहिली वापरकर्ती घरचीच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

भाचीचा पुन्हा फोन. ती त्या गल्लीत जाऊन आली. तिथे घराघरांत जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि आतलं शिसं चुलीवर वितळवतात. मुलं तिथेच खेळतात, तिथेच जेवतात. तिला शिशाच्या विषबाधेचा संशय आहे. रक्त कोणत्या नळीत घ्यायचं, तपासायला कुठे पाठवायचं, आकडा किती आला की काय औषध द्यायचं, हे सगळं एका जागी कुठे मिळेल?

मला हसू आलं. म्हटलं, विचारतेस कोणाला? ज्याच्या दिवाणखान्यात तू लहानपणापासून सुट्टीला येतेस त्याला! मुलांच्या रक्तातलं शिसं या विषयावर माझा लेख परदेशी नियतकालिकात आला होता. नऊ वर्षं झाली. त्याचं पहिलं पान फ्रेम करून सोफ्याच्या वर लावलंय, हिने हजारदा पाहिलंय. तिने आकडे विचारले. नऊ वर्षांपूर्वीचे आकडे कोणाच्या लक्षात राहतात? म्हटलं, महाद्वारात दुवा क्रमांक २०७. वाच आणि मग बोल.

संध्याकाळी तिचा निरोप. दुवा उघडला, पण पुढे कुलूप. गरीब देशांसाठी मोफत वाचनाची योजना आहे म्हणून नाव नोंदवायला गेली, तर देशांच्या यादीत आपला देशच नाही. मी चौकशी केली. आपलं सरासरी उत्पन्न वाढल्यामुळे गेल्या वर्षी आपल्याला यादीतून वगळलं आहे. आपण आता पुरेसे गरीब नाही. मी तिला तसं कळवलं आणि अभिनंदनही केलं. देशाची प्रगती अशी कुठे कुठे दिसून येते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उत्तम बातमी. महाद्वार अजून उघडलेलं नाही आणि एकट्या भाचीच्या केंद्रातून तीन दिवसांत एकशे चाळीस भेटी. त्यातल्या नव्वद दुवा क्रमांक २०७ ला. एका लहानशा केंद्रात ज्ञानाची ही भूक! मी आलेख काढून संचालकांना दाखवला. रेघ जवळजवळ उभीच चढते. त्यांनी विचारलं, प्रत्येक भेट किती वेळाची? सरासरी अकरा सेकंद. मी म्हटलं, आजची पिढी भराभर वाचते.

ग्रंथपालबाई आलेखाकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडून भाचीचा नंबर मागून घेतला. दिला. कौतुक करायचं असेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुवे ३९०. तळहातांचा राखाडी रंग जरा उजळ करायचं ठरलं.

भाचीकडची आकडी आलेली मुलगी मोठ्या रुग्णालयात नेताना वाटेत गेली. चार वर्षांची होती. बायकोने जेवताना सांगितलं. भाचीने तिलाच फोन केला होता, मला नाही. कामात असतो म्हणून केला नसेल. फार वाईट वाटलं. उद्घाटनाच्या भाषणात अशा बालकांचा उल्लेख करावा काय, असं मनात आलं, पण सुरुवातीला करावा की शेवटी, हे ठरेना.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज मी ग्रंथपालबाईंना जरा बोललो, आणि त्यात माझं चुकलं असं मला अजून वाटत नाही.

त्यांनी परस्पर तीन देशांतल्या तीन लेखकांना पत्रं पाठवली. घरून, स्वतःच्या नावाने, मला न विचारता. एकाचं उत्तर चाळीस मिनिटांत आलं, लेखासकट. दुसऱ्याने औषधाच्या डोसांचा तक्ता पाठवला आणि वर स्वतःचा फोन नंबर दिला. रक्त कोणत्या प्रयोगशाळेत तपासतात हे बाईंनीच फोन करकरून शोधलं. हे सगळं मंगळवारीच भाचीला पोचलं. मी म्हटलं, अशाने महाद्वाराला अर्थ काय राहिला? काही रीतभात आहे की नाही?

बाई म्हणाल्या, “सर, चौथ्या लेखकाला पत्र पाठवायचं राहिलंय. ते तुम्हीच आहात.”

भाचीला माझा लेख हवा होता. मी म्हटलं, एवढंच ना, आत्ता देतो, आणि त्यांच्यासमोर संगणकावर बसलो. दुवा २०७. पासवर्ड. माझ्या नावाने शोधलं. पासवर्ड. ‘तुम्ही या लेखाचे लेखक आहात काय?’ असं एक बटण दिसलं. हो म्हटलं. त्यासाठीही पासवर्ड. बाई उभ्या होत्या. म्हटलं, घरी छापील प्रत आहे. घरी पाहिलं तर भिंतीवर एक पान. बाकीची पानं फ्रेममध्ये मावत नव्हती म्हणून तेव्हा ठेवली नव्हती. आकड्यांचा तक्ता चौथ्या पानावर होता.

शेवटी बाईंनी माझ्या परदेशातल्या सहलेखकाकडून तो मागवला. तासाभरात आला. त्याने सोबत लिहिलं होतं, कोणीतरी हा लेख वाचतंय हे ऐकून आनंद झाला. खवचट माणूस.

सोमवार, २४ फेब्रुवारी

भाचीचा फोन. बऱ्याच दिवसांनी. तिने लेख वाचला. मला वाटलं, आता कौतुक करील. तिने विचारलं, तक्त्यात तीन वस्त्या आहेत, अ, ब आणि क. क मधल्या चौसष्ट मुलांच्या रक्तातल्या शिशाची सरासरी एक्केचाळीस. मामा, वस्ती क म्हणजे कुठली?

अशी खरी नावं छापायची नसतात, लोकांची बदनामी होते, हे मी तिला समजावलं. पण ती डॉक्टर, शिवाय घरची. म्हणून आठवून सांगितलं. नाल्यापलीकडे, पाण्याच्या जुन्या टाकीमागची. मी स्वतः दोनदाच गेलो होतो, रक्त घेण्याचं काम आमच्या पथकाने केलं. बॅटऱ्या तेव्हाही फोडत असत.

ती म्हणाली, माझ्याकडची चारही मुलं तिथलीच. मग तिने विचारलं, “तिथल्या लोकांना सांगितलं होतं का?”

मी म्हटलं, शिफारशी आहेत की शेवटच्या परिच्छेदात. त्यावर फोन बंदच झाला. तिकडची लाइन फार खराब आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. जेवण जड झालं असावं. एक उगाच मनात येत राहिलं की पथक परत येताना मुलांच्या आयांना ‘कळवू’ असं काहीतरी सांगून आलं होतं. परवानगीच्या कागदावर तसं वाक्य असतंच. पण कळवायचं कोणी, हे कागदावर नव्हतं. आरोग्य खात्याला एक प्रत गेली होती. गेली असेलच.

बायकोने सोफ्यावरची फ्रेम काढून ठेवली आहे. खिळा सैल झाला होता म्हणे. मी पाहिला, खिळा घट्ट होता.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुवे ४१२! इथे थांबायचं ठरलं. आकडा कानाला बरा लागतो.

भाचीने त्या वस्तीतल्या अडतीस मुलांचं रक्त तपासून घेतलं. अकरा जणांना मोठ्या रुग्णालयात औषध सुरू झालं आहे आणि मुलं सुधारताहेत. बॅटऱ्या वितळवायचं काम वस्तीतून हलवण्यावरून रोज भांडणं होताहेत. पोट त्याच्यावर आहे, हलवून नेणार कुठे, असं पुरुष म्हणतात. ती रोज जाऊन बसते. हे सगळं मला ग्रंथपालबाईंकडून कळतं. भाची कोणाची आहे हेच कळेनासं झालंय.

संचालक खूश आहेत. ते म्हणाले, ही तर महाद्वाराची पहिली यशोगाथा. पहिल्याच महिन्यात अकरा मुलं वाचली. भाचीला उद्घाटनाला बोलवा, चार शब्द बोलू द्या. मी पत्र पाठवलं. उत्तर आलं, येते, सोबत एक जण असेल. लग्नाचं जमवतेय की काय अशी शंका आली.

बुधवार, ५ मार्च

हे लिहावं की नाही ते कळत नाही. पण इतिहास चुकीचा लिहिला जाऊ नये असं पहिल्या पानावर मीच लिहून बसलोय.

उद्घाटन चांगलं झालं. पडद्यावर तळहात आले, पृथ्वी फिरली, टाळ्या झाल्या. माझा आलेख दाखवला. मग भाचीला बोलावलं. ती मंचावर आली आणि मला ‘सर’ म्हणाली. समारंभ असल्यामुळे असेल असं तेव्हा वाटलं. ती जेमतेम दोन मिनिटं बोलली. एकशे चाळीस भेटी माझ्याच होत्या, म्हणाली, प्रत्येक वेळी कुलूप लागलं. मदत ग्रंथपालबाईंनी केली, त्यांचा तेवीस ओळींचा कागद आमच्या केंद्रात भिंतीवर लावलाय. सभागृहात कोणीतरी हसलं. संचालकांनी विनोद समजून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. बाई शेवटच्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली.

कार्यक्रमानंतर भाची माझ्या खोलीत आली. सोबत एक बाई. पस्तिशीची असेल, हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग. खुर्ची दिली तर अगदी कडेला बसली. भाची म्हणाली, “यांच्या मुलाचं रक्त घेतलं होतं. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. रिपोर्ट न्यायला आल्यात.”

बाईने मान हलवली. म्हणाली, बिस्किटाचा पुडा दिला होता आणि रिपोर्ट येईल म्हणाले होते. मी वाट बघितली. मग वाटलं, चांगला असेल म्हणून आला नसेल.

मी तिला म्हणालो, आणि हे मी खरोखर म्हणालो, की तो इंटरनेटवर उपलब्ध आहे.

ग्रंथपालबाई दारात उभ्या होत्या. मी उठून मागचं कपाट उघडलं. त्या वर्षीची नोंदवही सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. मुलाचं नाव, त्यापुढे क्रमांक, त्यापुढे आकडा. लेख लिहिताना मी फक्त क्रमांक आणि आकडा पाहिले होते. नावांचा रकाना आज पहिल्यांदा वाचला. तिने मुलाचं नाव सांगितलं. क्रमांक सदतीस. बावन्न.

“चांगला का वाईट?” तिने विचारलं.

पाचच्या वर गेलं तरी काळजी करायची असते, असं मी सांगितलं. मुलगा कसा आहे तेही विचारलं. बारा वर्षांचा आहे म्हणाली, तिसरीतून पुढे जात नाही, मास्तर म्हणतात मंद आहे, बाप मारतो.

मग तिने विचारलं, “हे तुम्हाला कधी कळलं?”

मी वर्ष सांगितलं. ती बोटांवर मोजत राहिली. दोनदा मोजलं. मग भाचीकडे वळून, माझ्याकडे नाही, म्हणाली, “तेव्हा धाकटी झालीसुद्धा नव्हती.”

मला कळायला वेळ लागला. वाटेत गेलेली मुलगी हिची. कळलं असतं तर घरातली चूल तेव्हाच बाहेर नेली असती, असं ती पुढे म्हणाली. रागाने नाही. भाजी महाग झाली म्हणावं तशा आवाजात.

ती निघाली तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिला पाण्याचा पेला दिला.

शनिवार, ८ मार्च

दोन दिवस कार्यालयात गेलो नाही. बायकोने विचारलं नाही. काल ताईचा फोन आला, तीही दुसरंच बोलत राहिली. सगळ्यांना माहीत आहे. मला कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, निदान उत्तर तरी देता आलं असतं.

संचालकांचा निरोप आला आहे. महाद्वाराचा दुसरा टप्पा मंजूर झाला. हजार दुव्यांचं उद्दिष्ट.

सोमवार, १० मार्च

सकाळी थेट वाचनालयात गेलो. ग्रंथपालबाई पुस्तकं लावत होत्या. नोंदवही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, चौसष्ट मुलं आहेत. एकीला कळलं. त्रेसष्ट घरांना कळवायचं राहिलंय. संचालकांना विचारलंत का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी चष्मा लावला.

भाचीला फोन केला. कोण कुठे राहायला गेलं ते ती वस्तीत विचारून सांगणार आहे. पत्रं ती आणि परिचारिका घरोघर नेऊन वाचून दाखवतील, मुलांना पुन्हा तपासतील. अजून ‘सर’च म्हणते. तुम्हीपण या, असं म्हणाली. मी हो म्हटलं. लगेच.

मग पत्राचा मसुदा करायला बसलो. आयुष्यभर पत्रंच लिहिली आहेत, पहिली ओळ हात आपोआप लिहितो. ‘आपणांस कळविण्यास आनंद होतो की’. कागद बाईंकडे सरकवला. त्यांनी पेन काढलं आणि ‘आनंद होतो’वर काट मारली. बाकी कशालाही हात लावला नाही. कागद परत माझ्याकडे दिला आणि काट मारलेल्या जागी मी काय लिहितो याची वाट बघत बसल्या.

जेवणाची सुट्टी होऊन गेली. अजून सुचलेलं नाही. बाई अजून बसल्या आहेत.